उघडी जखम

बसायच्या जागेचे बेंड कापल्यावर डॉक्टर सहसा टाके घालत नाहीत. जखम मुद्दाम उघडी ठेवतात, म्हणजे ती तळापासून वर भरत येते. वरचे तोंड आधी मिटले तर पू पुन्हा आत कोंडतो. त्यामुळे शस्त्रक्रिया थोड्या वेळाची आणि खरे काम पुढचे कित्येक आठवडे घरात. अब्बांना बारामतीहून कळसला आणले, तेव्हा ते काम आमच्याकडे आले.

आम्ही ते वाटून घेतले. पट्टी मुलाने बदलायची, टबासाठी पाणी सुनेने तापवायचे, सकाळी बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर नातीने पाहायची. अब्बांचा मधुमेह जुना, आणि साखर चढली की जखम लवकर भरत नाही. शौचानंतर दहा मिनिटे कोमट पाण्यात बसायचे, मग जागा मऊ कापडाने टिपायची, घासायची नाही. जखमेत लाल, दाणेदार मांस दिसले, पट्टी काढताना थोडे रक्त आले, तर ते भरून येण्याचे लक्षण. ताप, वाढती ठसठस, दुर्गंधीचा पू किंवा लघवी अडणे यांपैकी काही झाले तर मात्र तडक दवाखाना. कुंथावे लागू नये म्हणून रात्री इसबगोल. (शब्द मूळचा फारसी. अस्प म्हणजे घोडा, गोल म्हणजे कान. बी घोड्याच्या कानासारखे दिसते म्हणे.) शेजारच्या खालांनी प्रेमाने हळदीचा लेप सुचवला. उघड्या जखमेत घरचे काहीही भरायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. हळद दुधात गेली.

हे सगळे जमले. जमत नव्हते ते अब्बांच्या मनाचे. पट्टीतून पाझर चालूच, कपडे नापाक, मग नमाज कशी पढायची? अजान झाली की ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. भेटायला कोणी आले की सांगत, "पीठ में फोडा हुआ." आम्ही खरी जागा सांगू लागलो की डोळे वटारत, "सबकू कायकू बताना?"

अशा गळवातून काहींना पुढे भगंदर होतो. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्यावर १६८६ मध्ये भगंदराचीच शस्त्रक्रिया झाली होती. नातीने हे आजोबांना मोठ्या हौशीने ऐकवले, पण राजाचा काही उपयोग झाला नाही.

शेवटी आम्ही मौलानांना घरी बोलावले. ते म्हणाले, स्राव थांबतच नसेल तर माणूस माजूर ठरतो. त्याने प्रत्येक नमाजेच्या वेळेला नवा वुजू करावा आणि नमाज अदा करावी; त्या पाझराने वुजू तुटत नाही. मग त्यांनी इमरान बिन हुसैन (रजि.) यांच्याबद्दल सांगितले. या सहाबींना मूळव्याध होती. नमाजेचे काय करावे, हे त्यांनी थेट प्रेषित मुहम्मद (स.) यांनाच विचारले. उभे राहून पढावी, ते जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर, असे त्यांना सांगण्यात आले. सहीह बुखारीत ही हदीस आहे आणि तिच्यात आजाराचे नावही आहे.

अब्बा बराच वेळ गप्प होते. मग एवढेच म्हणाले, "नाम लेके पूछा उन्होंने?"

त्या दिवशीची असरची नमाज त्यांनी कुशीवर पढली. पुढच्या आठवड्यात ते उभे राहू लागले. बसताना अंग एका बाजूला झुकवत. मशिदीत जायला आणखी काही जुमे गेले.

मधे एकदा त्यांचे जुने दोस्त चहाला आले. काय झाले होते, असे त्यांनी विचारले. आम्ही अब्बांकडे पाहिले. अब्बांनी जागा सांगितली, बेंड सांगितले, उघडी जखम आणि पाण्याचा टबही सांगितला. दोस्तांनी कप खाली ठेवला, खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि हळू आवाजात डॉक्टरांचे नाव विचारले. दोन महिन्यांपासून त्यांनाही तिथेच दुखत होते, आणि घरात कोणालाच माहीत नव्हते.

सोमवारी आम्हीच त्यांना बारामतीला घेऊन गेलो.