आंघोळ कोण घालतं?

माझी थोरली बहीण न्यू जर्सीत एडिसनला असते. आक्का फोनवर रडणाऱ्यातली नव्हे. पण २०२३ च्या मार्चमध्ये एकदा भल्या पहाटे बेळगावात फोन वाजला आणि ती एवढंच म्हणाली, "मला आता ह्यांना उचलवत नाही गं." भावोजींना पार्किन्सन्स होऊन नऊ वर्षं झाली होती. ते मूळचे धारवाडचे, इंजिनियर, सहा फूट उंच. आक्का जेमतेम पाच फूट, वय एकाहत्तर. मे महिन्यात मी तिकडे गेले, सहा महिने राहायच्या बोलीवर.

गेल्यावर कळलं की आक्काच्या कपाटात एक विम्याचा कागद आहे. २००४ साली दोघांनी 'लाँग टर्म केअर'चा विमा उतरवला होता. हा आपला मेडिक्लेम नव्हे. दवाखान्याचं बिल तो देत नाही. आंघोळ घालायला, भरवायला, उठवून बसवायला घरी माणूस ठेवावं लागलं, तर त्याचा खर्च देतो. तिकडचं सरकारी मेडिकेअर दुखण्यानंतर थोडे दिवस नर्स पाठवतं, पण अशी रोजची सेवा वर्षानुवर्षं देत नाही. आपल्याकडं तरी काय वेगळं आहे? आमच्या सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा मेडिक्लेमने हॉस्पिटलचं बिल भरलं. घरी ठेवलेल्या बाईचा पगार मात्र चौदा महिने आमच्याच खिशातून गेला. जर्मनीत १९९५ पासून आणि जपानात २००० पासून असा विमा सरकारनेच सक्तीचा केला आहे. अमेरिकेत मात्र तो बहुतेक ज्याचा त्याने घ्यायचा. मध्ये दोनदा हप्ता वाढला तेव्हा भावोजी म्हणाले होते, "साकु, बंद करूया." आक्काने ऐकलं नाही.

कागद असला म्हणून पैसे मिळतात असं नाही. सहा कामं ठरलेली असतात: आंघोळ, कपडे घालणं, जेवणं, संडासला जाणं, शी-शूवर ताबा असणं आणि पलंगावरून उठून खुर्चीत बसणं. यातल्या निदान दोन कामांत दुसऱ्याची मदत लागते आणि ती नव्वद दिवस तरी लागणार, असं लेखी यावं लागतं. नाहीतर स्मरणशक्ती इतकी गेलेली असावी की एकट्याला सोडणं धोक्याचं. भावोजींची बुद्धी शाबूत होती, तेव्हा सगळी भिस्त त्या सहा कामांवर.

कंपनीने पाठवलेली नर्स मेअखेर एका सकाळी आली. त्या दिवशी भावोजींनी इस्त्रीचा शर्ट मागितला. बटणं आक्काने लावली, भांग मी पाडला. नर्स आल्यावर हे गृहस्थ असे ताठ बसले की जणू नोकरीची मुलाखतच! पाहुण्यांसमोर त्यांना नेहमीच हुशारी यायची. नर्सने विचारलं, "आंघोळ कोण घालतं?"

"मी स्वतः करतो."

"कपडे?"

"स्वतः."

आक्का चहाच्या कपाकडं बघत बसलेली. नवऱ्याला परक्या बाईसमोर खोटं कसं पाडायचं? पन्नास वर्षांच्या संसारात तिने ते केलेलं नव्हतं. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "आंघोळ आक्का घालते. रोज. गेल्या महिन्यात दोघं मिळून न्हाणीत पडली. रात्री तीनदा ती उठवते." बोलताना माझा घसा कोरडा पडला. नर्सने शांतपणे त्यांना खुर्चीतून उठायला सांगितलं. त्यांनी दोनदा जोर लावला, उठता आलं नाही. मग शर्टाचं एक बटण काढायला सांगितलं. त्यांची बोटं बटणाभोवती थरथरत फिरत राहिली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं ते मी विसरलेले नाही. त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी "ऊटा आतेनु?" एवढं विचारलं, तेही ताटाकडं बघत.

अर्ज मंजूर झाला. दिवसाला १५० डॉलरपर्यंत. जूनमध्ये एजन्सीची बाई येऊ लागली. आठवड्यातून तीन दिवस, चार तास, तासाला ३५ डॉलर. पहिले नव्वद दिवस खर्च आपला, पुढचा कंपनीचा. आक्काने कॅलेंडरवर सप्टेंबरात खूण केली. सहा आठवड्यांनी मी बारीक अक्षरातला मजकूर वाचायला बसले तर काय, नव्वद दिवस कॅलेंडरचे नव्हेत, बाई प्रत्यक्ष आली तेवढेच धरायचे! म्हणजे सहा आठवड्यांत जमा झाले अठरा. त्या गतीने जानेवारी उजाडला असता. काही पॉलिसींत कॅलेंडरचे दिवस धरतात, हिच्यात नव्हते. बाईला रोज बोलवायला लागलो. नव्वद दिवसांचे मिळून १२,६०० डॉलर आक्काच्या खात्यातून गेले, पण ऑक्टोबरच्या आत मुदत भरली.

मग रोजच्या नोंदींचं प्रकरण. बाई बिचारी 'टीव्ही बघितला, फेरी मारली' असं लिहायची. कंपनीने विचारलं, यात सेवा कुठली? मग तिला सांगून 'आंघोळ घातली, कपडे चढवले, धरून उठवलं' असं लिहून घेऊ लागलो. मुळात ती करत होतीच की! कागदावर येत नव्हतं इतकंच.

ती घानाची. आजार वाढला तसे भावोजी इंग्रजी टाळून कन्नडच बोलायला लागले होते. आक्काने फ्रिजवर तिच्यासाठी कागद चिकटवला: नीरु म्हणजे पाणी, साकु म्हणजे पुरे, बेडा म्हणजे नको. पहिल्यांदा ती न्हाणीत न्यायला लागली तेव्हा "बेडा, बेडा" असा आरडाओरडा झाला. तिने कागद बघितला, हसली आणि बाहेर खुर्ची टाकून बसली. अर्ध्या तासाने पुन्हा विचारलं. असं चार दिवस. पाचव्या दिवशी आतून फक्त पाण्याचा आवाज आला. आक्का बाहेर हातात टॉवेल धरून नुसतीच उभी होती. तिला करायला काही उरलं नव्हतं.

नोव्हेंबरात मी परतले. पहिला चेक आल्याचं तिने फोनवर सांगितलं, आणि लगेच म्हणाली, "काल दुपारी झोपले गं. चक्क दोन तास." मागून भावोजींचा आवाज आला, "यारु?" आक्का म्हणाली, "बेळगाव." त्यांनी फोन मागितला.

"ऊटा आतेनु?"

"आतु, भावोजी. तुमचं?"

ते म्हणाले, बाईने भरवलं.