माफीच्या साक्षीदाराचा शब्द

माफीचा साक्षीदार सगळं सांगतो, तरी हायकोर्टात आरोपी सुटतो कसा, हे वाचकांना समजावून द्या, असं संपादकांनी सुचवलं. घरफोडी आणि खुनाच्या एका अपिलात मी नुकतीच तिसऱ्या आरोपीची बाजू मांडली. तो सुटला. ‘तांत्रिक मुद्द्यावर सुटका’ अशी बातमी आली. ते शब्द मला अजून बोचतात.

एकट्या राहणाऱ्या वृद्धेचा खून झाला, दागिने गेले. चौघा आरोपींपैकी एक माफीच्या बदल्यात साथीदारांविरुद्ध साक्ष द्यायला तयार झाला, म्हणजेच माफीचा साक्षीदार झाला. खिडकीचा कुठला गज कापला, कपाटाची किल्ली कुठे होती, सगळं त्यानं बिनचूक सांगितलं. पंचनाम्याशी ते जुळलंही. एका आरोपीनं दाखवलेल्या जागेतून पाटल्या निघाल्या, दुसऱ्याच्या बोटांचे ठसे कपाटावर मिळाले. तिसऱ्याविरुद्ध होता फक्त साक्षीदाराचा शब्द.

लोक विचारतात, बाकी सगळं खरं निघालं, मग एवढंच खोटं कसं? पण ज्यानं गज कापला त्याला गज ठाऊक असणारच. खरी हकिगत सांगता सांगता एका साथीदाराच्या जागी भलत्याचंच नाव घालणं त्याच्याइतकं कुणालाच सोपं नसतं. 1949 साली भुबनी साहू खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनं हाच धोका दाखवला. म्हणून पुष्टी, म्हणजे स्वतंत्र पुराव्याचा दुजोरा, हवी ती त्या त्या आरोपीच्या सहभागाला, आणि प्रत्येकासाठी वेगळी. 1957 साली सरवन सिंग खटल्यात न्या. गजेंद्रगडकरांनी दुहेरी कसोटी घालून दिली: साक्षीदार मुळात विश्वासार्ह आहे का, हे आधी पाहायचं आणि मग पुष्टीकडे वळायचं.

आता थोडं कलमांत शिरावं लागेल. 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 133 म्हणत होतं, केवळ पुष्टी नाही म्हणून शिक्षा बेकायदा ठरत नाही. कलम 114 खालचं एक उदाहरण मात्र पुष्टीशिवाय साथीदारावर विसंबू नका, असं सुचवत होतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 138 मध्ये पुष्टी मिळालेल्या साक्षीचाच उल्लेख आहे. यानं काही बदललं नाही, असं काही सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. न्यायाधीशांच्या सावधगिरीला कायद्याच्या मजकुरात जागा मिळाली, ही मोठी गोष्ट आहे. मात्र पुष्टी कशाची, हे ते कलम सांगत नाही. त्यासाठी जुने निकालच उघडावे लागतात.

शिवाय माफी मिळते ती पूर्ण आणि खरी हकिगत सांगण्याच्या अटीवर. अट मोडली तर त्याच्यावरच खटला चालू शकतो. एकदा घेतलेलं खोटं नाव मागे घेणं म्हणूनच त्याला महागात पडू शकतं. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाच्या खटल्यातही माफीचा साक्षीदार होता, आणि त्यातल्या चौघांना 1983 साली येरवड्यात फाशी झाली. जिथे आरोपीचा जीव पणाला लागलेला असतो, तिथे पुष्टीच्या मागणीला तांत्रिक म्हणणं मला सहन होत नाही.

त्या वृद्धेच्या मुलाचा राग मला समजतो. पण तिसऱ्याला त्या घराशी जोडणारा पुरावा तपासात का मिळवला नाही, हा प्रश्न कुणीच विचारला नाही. तो त्या रात्री तिथे होता का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. खंडपीठालाही ते सांगता येत नव्हतं, म्हणूनच त्याची जन्मठेप रद्द झाली.