सोळाशे मीटर, तेरा वेळा

14 जुलै 2024, रविवार. बुलढाणा

मैदानावर चिखल, म्हणून भरतीची पोरं आज राजूर घाटाच्या रस्त्याला निघाली. त्यांच्या मागून मी. पोलीस भरतीची मैदानी चाचणी सुरू आहे. ज्यांची तारीख अजून यायची आहे त्यांच्या डोक्यात एकच आकडा घोळतोय, 5 मिनिटं 10 सेकंद. तेवढ्यात 1600 मीटर मारले की 20 पैकी 20 गुण. पोरींना 800 मीटर, 2 मिनिटं 50 सेकंद. 100 मीटर आणि गोळाफेक धरून मैदान 50 गुणांचं, आणि त्या पन्नासावर अख्ख्या घराचं लक्ष.

आमच्याकडे पळणं म्हणजे हेच. हौसेने पळणारे डॉक्टर-वकील अलीकडे दिसू लागलेत, पण पहाटे रस्त्यावर पहिला पाय या पोरांचाच पडतो. मीही त्यांच्यातच पळायला शिकले. नांदुऱ्याकडचा एक जण आज घाटाच्या तोंडाशी थांबून म्हणाला, “मावशी, तुमी काहून पळता? वय तर निंघून गेलं भरतीचं.” म्हटलं, ऑक्टोबरात लेकीकडे जाते आहे, स्पेनला. व्हॅलेन्सिया म्हणून समुद्राकाठचं शहर आहे, तिथे 21 किलोमीटरची शर्यत आहे.

“मंग काय भेटते?”

“मेडल.”

“पयल्याले?”

“पूर्ण करील त्या सगळ्यांना.”

त्याने माझ्याकडे जरा कीव करूनच पाहिलं. “सगळ्याईले भेटते तं मंग त्याचा काय फायदा?” आणि घाट उतरायला लागला. उत्तर सुचेपर्यंत तो दोन वळणं खाली गेला होता.

11 ऑगस्ट, रविवार

खामगाव रस्त्याने बोथ्याच्या दिशेने लांबची रपेट. चांगलं उजाडल्यावरच निघायचं आणि दाट जंगल लागायच्या आत माघारी वळायचं, हा घरचा नियम. ज्ञानगंगा अभयारण्यात अस्वलं आहेत, बिबटे आहेत. पण आमच्या जिल्ह्यात आलेला सगळ्यांत मोठा लांब पल्ल्याचा गडी म्हणजे टिपेश्वर अभयारण्यातून आलेला वाघ. 2019 मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला आणि तेलंगणाची हद्द शिवून, शेतं-रस्ते-नाले ओलांडत 1300 किलोमीटरहून जास्त चालून डिसेंबरात ज्ञानगंगेत पोचला. त्यालाही काही भेटलं नाही. वाघीण हवी होती म्हणतात, ती इथे नव्हती.

लेकीचा फोन, “आई, इथे सगळं सपाट आहे, तू घाटात कशाला मरतेस?” आमचा जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा दोन भागांत राहतो. मी घाटावरची, थंड हवेतली. व्हॅलेन्सिया ऐन घाटाखालची, समुद्राच्या पातळीला. तेव्हा एखाद्या रविवारी मलकापूरला उतरून तिथल्या उकाड्यात पळून पाहायला हवं.

29 सप्टेंबर, रविवार

काल आमच्या मेडिकलमध्ये दोन पोरं आली. “ताकदीची गोळी द्या, नाही तर इंजेक्शन द्या, परवा पळायचं आहे.” हे मला नवीन नाही. चिठ्ठीशिवाय मिळणार नाही म्हटलं की ती पुढच्या दुकानात जातात, हेही माहीत आहे. त्यांना बसवून पाणी पाजलं आणि सांगितलं ते असं: दुखायच्या आधीच डायक्लोफिनॅक घेऊन उन्हात पळायचं नाही. अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, त्यात ती गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी आवळते. एकाने विचारलं, “मंग तुमी काय घेता?” शेंगदाणा-गुळाचा लाडू, म्हटलं. पटलं नाही त्यांना.

जाता जाता अविनाश साबळेचं सांगितलं. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा मुलगा. बारावी झाल्यावर आधी सैन्यात भरती झाला, महार रेजिमेंटमध्ये, आणि खरं पळणं तिथे सुरू झालं. 2020 मध्ये दिल्लीला त्याने अर्धमॅरेथॉन 1 तास 30 सेकंदांत संपवली, हा तेव्हा भारताचा विक्रम ठरला. “म्हणजे नोकरी लागल्यावरही पळतात?” दुसऱ्याने विचारलं. प्रश्न खरोखरचा होता.

20 ऑक्टोबर, रविवार

मलकापूरहून विदर्भ एक्स्प्रेस. बुलढाण्याला रेल्वे नाही, आणि खामगाव-जालना मार्गाची मागणी माझ्या आजोबांच्या वेळेपासूनची. हे स्टेशनवर सोडायला आले. दिवाळीत मी घरी नाही याचं त्यांना वाईट वाटत होतं, पण बोलले सोयाबीनवरच. हमीभाव 4892 आणि बाजारात चार हजाराच्या आसपास, त्यात मतदान महिन्यावर. “तू पळ, मी मेडिकल बघतो,” एवढं म्हणाले आणि पिशवीत आणखी एक लाडवांचा डबा कोंबला.

24 ऑक्टोबर, गुरुवार. व्हॅलेन्सिया

सकाळी लेकीने तुरिया नदीत पळायला नेलं. हो, नदीत. पात्रात पाणी नाही, बाग आहे. दोन्ही काठांना जोडणारे जुने दगडी पूल तसेच उभे, त्यांच्या कमानींखालून पळायची मऊ मातीची वाट, बाजूला संत्र्याची झाडं, फुटबॉलची मैदानं, बाकांवर म्हातारे. मध्येच सायकलवाले घंटी वाजवतात, कारण मी सवयीने डावीकडून पळते.

14 ऑक्टोबर 1957 ला ही नदी शहरात शिरली होती. 80 च्या वर माणसं गेली. त्यानंतर सरकारने नदीच उचलली आणि शहराच्या दक्षिणेला नवा रुंद कालवा खणून तिला तिकडून समुद्रात सोडली. रिकाम्या पात्रातून मोठा हमरस्ता न्यायचा बेत होता. लोक अडून बसले, आम्हाला इथे झाडं हवीत म्हणाले, आणि 1980 च्या दशकात बाग झाली. आपल्याकडे पैनगंगा बुलढाणा तालुक्यातच उगम पावते आणि दिवाळीपर्यंत तिचंही पात्र कोरडं पडायला लागतं, पण तिथे कोणी बाग करत नाही, रेती काढतात.

26 ऑक्टोबर, शनिवार

शर्यतीचा नंबर आणला. बूट, मोजे, चार सेफ्टी पिना खुर्चीवर काढून ठेवल्या.

दुपारी ओर्चाता प्यायले. पांढरंशुभ्र, गार, दुधासारखं दिसणारं, पण दूध नाही. चुफा नावाचे बारीक कंद भिजवून, वाटून, गाळून करतात. कंद हातात घेऊन पाहिला आणि हसूच आलं. हा तर आपल्या लव्हाळ्याचा चुलतभाऊ, नागरमोथ्याच्या कुळातला. आमच्याकडे निंदणाऱ्या बाया लव्हाळ्याला शिव्या घालतात, वरून उपटला तरी खालची गाठ जमिनीत राहते आणि आठ दिवसांत पुन्हा हिरवा. इथे उत्तरेला अल्बोराया गावाभोवती त्याची शेती करतात आणि पेला भरून विकतात. चव चांगली आहे. साखर फार.

मग समुद्र. माल्वारोसाचा किनारा लांबलचक, वाळू बारीक, ऑक्टोबर संपत आला तरी लोक पाण्यात. मी घोट्यापर्यंत गेले आणि परत आले, उद्यासाठी पाय जपायचे होते.

27 ऑक्टोबर, रविवार

आज पहाटे युरोपातली घड्याळं एक तास मागे गेली. शर्यतीच्या आदल्या रात्री फुकटची तासभर झोप, पण मला कुठली येणार!

अलामेदा रस्त्यावर हजारो लोक. वेळेप्रमाणे गट पाडलेले, आमचा सावकाश पळणाऱ्यांचा गट सगळ्यांत मागे. माझ्या एका बाजूला साठीच्या दोन बहिणी, दुसऱ्या बाजूला पोटऱ्यांवर निळ्या पट्ट्या चिकटवलेला लठ्ठसा गृहस्थ. इथे कोणाला गुण मिळणार नव्हते, कोणाची यादी लागणार नव्हती, तरी सगळ्यांच्या चेहऱ्यावर भरतीच्या पोरांइतकीच धाकधूक. हे मला अपेक्षित नव्हतं. हौसेला भीती नसते असं वाटायचं.

पहिले काही किलोमीटर गर्दीच नेते. रस्ता इतका सपाट की घाटाची सवय असलेल्या पायांना कळेना काय करावं. चढ नाही म्हणून जोर काढायचा नाही, उतार नाही म्हणून विसावा नाही, तेच ते पाऊल तासन्‌तास. फुटपाथवर ढोलांची पथकं होती, एक आजी पातेल्यावर डाव आपटत होती, पोरं हात पुढे करून टाळ्या घेत होती. समुद्र मला पूर्ण शर्यतीत एकदाही दिसला नाही. खारट वारा तेवढा येत राहिला.

सोळाव्या किलोमीटरच्या सुमारास डावी पोटरी आखडली. कडेला थांबून टाच जमिनीला टेकवली, भिंतीला रेटा दिला, लाडवाचा शेवटचा तुकडा चघळला. तो निळ्या पट्ट्यांचा गृहस्थ मागून आला, स्वतः धापा टाकत होता, तरी थांबला. खिशातून मिठाची पुडी काढून दिली आणि पुढे गेला. पुढचं अंतर थोडं चालत, थोडं पळत. सव्वादोन तासांच्या वर काही मिनिटं लागली. मेडल गळ्यात पडलं तेव्हा ते घाटाच्या तोंडावरचं पोरगं आठवलं आणि मोठ्याने हसले. मेडल घालणारी मुलगीही हसली, तिला वाटलं आनंदाने.

नंतर कळलं की आज याच रस्त्यावर जागतिक विक्रम झाला. इथिओपियाचा योमिफ केजेल्चा, 57 मिनिटं 30 सेकंद. आधीचा विक्रम युगांडाच्या जेकब किप्लिमोचा, 57:31. एका सेकंदाने मोडला. बायकांत पहिली आली केनियाची ॲग्नेस न्गेटिच, 1 तास 3 मिनिटं 4 सेकंद. म्हणजे केजेल्चा संपवून पाणी पीत होता तेव्हा मी निम्म्या अंतरालाही पोचले नसेन.

28 ऑक्टोबर, सोमवार, वसुबारस

जिना उतरताना कठडा धरून, उलटी. लेक व्हिडिओ काढते आहे.

बसल्या बसल्या भरतीच्या हिशेबात मांडून पाहिलं. 21 किलोमीटर 97 मीटर म्हणजे 1600 मीटर तेरा वेळा आणि वर थोडं. केजेल्चाचा प्रत्येक सोळाशे साधारण 4 मिनिटं 22 सेकंदांचा. आपल्या पोरांच्या पैकीच्या पैकी गुणांपेक्षा 48 सेकंद कमी, आणि असे सलग तेरा, मध्ये न थांबता. पोरांच्या ग्रुपवर टाकलं. थोड्या वेळाने नांदुऱ्याच्या पोराचा आवाज आला, “बाप्पा! अन् त्यो कोणत्या खात्यात हाय?”

29 ऑक्टोबर, मंगळवार, धनत्रयोदशी

सकाळी हवामान खात्याने लाल इशारा दिला, लेकीच्या विद्यापीठाला सुट्टी. शहरात वारा भयंकर, पाऊस मात्र नावाला. संध्याकाळी कणकेचा दिवा केला. रात्री आठ वाजून अकरा मिनिटांनी घरातले सगळे फोन एकदम किंचाळले. घराबाहेर पडू नका, असा सरकारी संदेश.

30 ऑक्टोबर, बुधवार

संदेश आला तेव्हा दक्षिणेकडच्या गावांत पाणी आधीच शिरलं होतं. पायपोर्ता, कातारोखा, अल्फाफार. तिथे पाऊस जवळजवळ नव्हताच. वरच्या डोंगराकडे, चिवा गावाला, काही तासांत वर्षभराचा पाऊस पडला आणि एरवी कोरडा असणारा पोयोचा ओढा ते सगळं घेऊन खाली आला. लोक तळघरातून गाड्या काढायला गेले ते तिथेच राहिले. मृतांचा आकडा दर तासाला वाढतो आहे.

शहर कोरडं आहे. मी गुरुवारी पळाले ती बागही कोरडी. 1957 नंतर खणलेला कालवा तुडुंब भरला पण फुटला नाही. त्याच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ते.

1 नोव्हेंबर, शुक्रवार, लक्ष्मीपूजन

आज इथे सुट्टी. लेकीच्या मैत्रिणी सकाळीच आल्या, चिखल काढायला जायचं म्हणून. दुकानांतले झाडू संपले होते. तिसऱ्या दुकानात एक मिळाला, लांब दांड्याचा. घरी आज यांनी नवी केरसुणी आणून हळदकुंकू वाहिलं असेल. मीही निघताना झाडूला बोट लावून नमस्कार केला. मैत्रिणींनी कारण विचारलं, लेकीने सांगितलं, त्यांनीही केला.

कालव्यावरचा पायी चालायचा पूल माणसांनी भरून वाहत होता. फावडी, बादल्या, पाण्याच्या बाटल्या, खांद्यावर झाडू. रविवारच्या शर्यतीचे टी-शर्ट घातलेले कितीतरी. पोटरी अजून दुखत होती, पण या वेगाला चालत होती.

पलीकडे ला तोरेत रस्त्यावर गाड्या एकमेकींवर चढलेल्या, मध्ये ओढ्याने आणलेले बोरूचे भारे. एका घरात आम्ही सहा जणी लागलो. चिखल घोट्याच्या वर, चिकट, फावड्याने उचलला तरी पुन्हा पसरतो. तो दाराकडे ढकलत न्यायचा, दारातून रस्त्यावर, रस्त्यावरून जाळीकडे. भिंतीवर छातीएवढ्या उंचीला तपकिरी रेघ. घरमालकीण फ्रीज उघडून त्यातला चिखल वाटीने काढत होती. आम्ही म्हटलं, राहू द्या, फ्रीज गेला. तिने ऐकलं नाही. सगळे कप्पे पुसून ओळीने उभे केले.

2 नोव्हेंबर, शनिवार, पाडवा

आज स्वयंसेवकांची नावनोंदणी कला-विज्ञान नगरीपाशी होती. तिथून बसने नेणार. रांग इतकी लांब की आमचा नंबर लागला नाही.

घरी येऊन मुलींचे पाय पाहिले. कालचे ओले बूट तसेच, बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडलेल्या. ह्या चिखल्या. 2023 च्या जुलैत जळगाव जामोद-संग्रामपूरकडे पूर आला तेव्हा त्यांचं मलम आमच्याकडे पुरलं नव्हतं. एकीच्या अंगठ्याला पत्रा लागलेला, तिला धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवेना. तिला लेकीबरोबर दवाखान्यात पाठवलं. बाकीच्यांना ओळीने बसवलं. कोमट पाण्याने धुवा, बोटांच्या मध्ये कोरडं करा, मोजे दोन जोड घ्या, उघडी जखम घेऊन चिखलात उतरू नका, तोंडाला मास्क लावा. लेक परत आल्यावर तिने स्पॅनिशमध्ये यादी लिहून जिन्यात चिकटवली. उद्या सातला निघायचं आहे, पायीच.