रातकिड्याची ओळख लयीत

वारूळवाडी,
भाद्रपद

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

रात्री बांधावर इतके किडे एकदम ओरडतात, त्यात रातकिड्याच्या मादीला आपल्याच जातीचा नर कसा सापडतो, असं तू विचारलंस. फोनवर आटोपणारं उत्तर नाही, म्हणून लिहितोय.

गातो तो फक्त नर. एका पंखाची दातेरी शीर दुसऱ्याच्या कडेवर घासून तो आवाज काढतो. मादीचे कान असतात पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली. योहान रेगेन या शास्त्रज्ञाने १९१३ साली नराचं गाणं तिला टेलिफोनवरून ऐकवलं, तर ती थेट टेलिफोनकडे चालत गेली. म्हणजे नर दिसायला नको, त्याचा वास यायला नको, गाणं पुरे.

पण गाण्यातलं नेमकं काय? सूर लागतोच, मात्र जातीची खरी खूण लयीत. दोन ठिपक्यांच्या काळ्या रातकिड्याच्या एका किरकिरीत तीन ते पाच ठोके असतात. ठोका सुमारे २० मिलिसेकंदांचा, मधली शांतताही जवळपास तेवढीच. हे अंतर फार बदललं तर मादी तिकडे वळत नाही.

ते मोजायला तिच्या मेंदूत पाच चेतापेशींची साखळी आहे. केंब्रिजच्या बर्टहोल्ड हेडविग आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली ती उलगडली. पहिल्या ठोक्याचा संदेश तिथे मुद्दाम रेंगाळतो. दुसरा ठोका बरोबर वेळेवर आला की रेंगाळलेला आणि ताजा असे दोन्ही संदेश एकदम पोचतात, आणि ओळख पटते.

थंडीत नराची लय मंदावते. पण मादीचं शरीरही तितकंच गार झालेलं असतं, म्हणून तिलाही मंद लयच आवडते!

आपल्या खोडदची रेडिओ दुर्बीण पल्सार ताऱ्यांचा वेध घेते, तेव्हाही गोंगाटातून ठरावीक अंतराने परत येणारा ठोकाच हुडकायचा असतो. त्यासाठी तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या आहेत. मादीचं पाच पेशींत भागतं.

दिवाळीत येशील तेव्हा एका नराचा आवाज मोबाइलवर घे आणि संगणकावर त्याचा आलेख काढ. ठोके आणि मधल्या मोकळ्या जागा तुलाच मोजता येतील. फक्त जवळ जाताना पाय हलके टाक. जमीन हादरली की तो लगेच गप्प होतो.

तुझा,
आजोबा