अक्षरांचा काय दोष?

भयपटांच्या जाहिरातींवर रक्त ओघळणारी टोकदार गॉथिक अक्षरे पाहिली की मन अस्वस्थ होते. मध्ययुगीन युरोपातील मठवासी याच काळ्याभोर वळणात पवित्र शास्त्र उतरवीत. माइन्झ नगरीत १४५५ च्या सुमारास गुटेनबर्गने लॅटिन बायबल छापले, तेही याच वळणाच्या खिळ्यांनी. बहुतेक पानांवर ४२ ओळींचे दोन स्तंभ. पुढे नाझींनी हे वळण प्रथम 'जर्मन' म्हणून मिरवले आणि १९४१ साली 'यहुदी' ठरवून हद्दपार केले. अक्षरे तीच राहिली. माणसांची मने बदलली.

आता त्यांच्या माथी भीती मारली गेली आहे. परंतु देवदूताने पवित्र मरियेला आणि मेंढपाळांना भय सोडण्याचा जो निरोप दिला, तो गुटेनबर्गच्या बायबलात याच अक्षरांत उमटला आहे, हे आपण मुलांना सांगावयास हवे.