सोडलेला कागद

समुद्राचा फेस रंगवत नाहीत, सोडतात. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरायचा नसतो. जिथे पांढरं हवं तिथे कागद कोरा ठेवायचा. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेची तयारी चालली होती तेव्हा आमच्या सरांनी माझ्या कॅमलच्या पेटीतली पांढरी वडी काढून घेतली आणि म्हणाले, "आता लाट काढ." मालवणात वाढलेल्या पोराला लाट ती काय नवी? पण ती नेमकी कुठे फुटते, फुटल्यावर तिची कड कशी वळते, हे त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट पाहिलं.

पुढे ए.टी.डी.ची पदविका घेऊन चित्रकला शिक्षक झालो. शाळा सुटली की बोर्ड घेऊन मालवणातल्याच दांडीच्या किनाऱ्यावर. तिथे खरं शिकवलं ते किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या रापणकरांनी. भरतीचा त्यांचा ठोकताळा सोपा: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चाराची पाऊणपट, म्हणजे तीनच्या सुमारास पाणी भरणार. बोर्ड लावून बसलो की एखादा म्हातारा दोर ओढता ओढता सांगायचा, "गुरुजी, आज भांग आसा, पाणी काय चढाचा नाय." भांग म्हणजे उधाणाच्या उलट, कमी चढणारी भरती. भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते. म्हणून सकाळचा कोवळा उजेड आणि ओहोटीची ओली वाळू यांचा जमलेला मेळ एकदा हुकला की पंधरवडा थांबावं लागतं. माझी चित्रं त्यामुळे पंचांग बघून होतात.

ओली वाळू हा माझा सगळ्यात आवडता भाग. लाट मागे गेली की क्षणभर वाळूवर आभाळ उतरतं. ते पकडायचं तर आभाळाचा वॉश देतानाच, ब्रशात तोच रंग असताना, खालची वाळूही भिजवून घ्यावी लागते. मधली फेसाची पट्टी मात्र कोरडी राहिली पाहिजे. मग थांबायचं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत कागद लवकर वाळत नाही, आणि घाई केली की कड फुटून आभाळ फेसात शिरतं. कागद वाळल्यावर खडबडीत पृष्ठभागावरून जवळजवळ कोरडा ब्रश आडवा ओढला की रंग फक्त उंचवट्यांना लागतो, खळगे पांढरे राहतात. दुपारच्या पाण्याची चमक ती हीच. काळे खडक सगळ्यात शेवटी. खडक बसले की फेस आपोआप उजळतो, त्याला हात लावायची गरजच उरत नाही. रबराचं मास्किंग लावून पांढरं राखता येतं, पण त्याची कड मला कापल्यासारखी वाटते. फेसाला अशी कड नसते.

या वाटेवर माझ्यासाठी सर्वांत मोठं नाव आमच्याच मुलखातलं आहे. सावळाराम लक्ष्मण हळदणकर 1882 साली सावंतवाडीत जन्मले. हाताच्या आडोशाला दिवा धरलेल्या स्त्रीचं त्यांचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. त्यासाठी त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. पुष्कळ जण ते राजा रविवर्म्याचं तैलचित्र समजतात. ते जलरंगात आहे. तिच्या बोटांतून झिरपणारा उजेड मी पाहिला तेव्हा तिथून हलवेना. तेलरंगात उजेड शेवटी वर ठेवता येतो. पारदर्शक जलरंगात तो पहिल्यापासून जपावा लागतो. जलरंग हा सोपा, शाळकरी प्रकार असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्या चित्रासमोर उभं राहावं.

पावसाळ्यात नदीच्या तांबड्या गढुळाने समुद्र विटकरी होतो, फेसही पिवळट येतो, कागदाला बुरशी धरते. ते महिने मी घरात रेखाटनं करतो.

मुंबईतल्या एका प्रदर्शनात माझं चित्र पाहून एक गृहस्थ म्हणाले, "अर्धा कागद रिकामाच आहे की!" मी त्यांना दोन पावलं मागे यायला सांगितलं. तिथून ते बराच वेळ बघत राहिले.

शाळेत पालक विचारतात, मुलाला कोणते रंग घेऊ? मी सांगतो, चार-पाच रंग पुष्कळ झाले. उरलेल्या पैशांचा जाड, सुती, 300 ग्रॅमचा कागद घ्या. पातळ कागद पाणी पडताच फुगतो, मूल हिरमुसतं आणि आपल्याला जलरंग जमत नाहीत असं धरून बसतं. तेव्हा कागद चांगला द्या.