ब-बारा

आमच्या देवळाली प्रवऱ्यात कुणी फिकट दिसले की सल्ला ठरलेला : 'बीट खा, खजूर खा.' रक्त म्हटले की लोह, एवढेच आपले शास्त्र! वहिनींना जिना चढताना धाप लागे, पायांना मुंग्या येत. लोहाच्या गोळ्यांनी काही फरक पडेना. डॉक्टरांनी रक्त तपासले. तांबड्या पेशी थोड्या, पण आकाराने मोठाल्या निघाल्या. उणीव होती ती 'ब-१२' जीवनसत्त्वाची.

अशा मोठाल्या पेशींचे निम्मे कोडे मुंबईतच सुटले आहे, बरे का! १९२८ साली ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण तेथे आली. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायका रक्तक्षयाने खंगत होत्या. तिने त्यांच्या ताटात डोकावून पाहिले, आणि स्वस्तातल्या मार्माइटने, म्हणजे यीस्टच्या अर्काने, त्यांना बरे केले. १९३१ साली तिने ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुण पुढे फॉलिक आम्लाचा ठरला. ते पालेभाजीत असते. ब-१२ मात्र कुठल्याच भाजीत नाही. आणि नुसत्या फॉलिकने रक्त सुधारते, पण ब-१२वाचून मज्जातंतू झिजतच राहतात.

वहिनी शुद्ध शाकाहारी. दारात दोन गाई, पण दूध सगळे डेअरीला. त्यांच्या वाट्याला चहापुरते. इंजेक्शने सुरू झाली, आणि डॉक्टरांनी दादांना बजावले, "रोज दोन पेले दूध घरात ठेवायचे." दादा हिशेबाची वही उघडून बसले.